कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर फॅनच्या जागा दोनच आहेत. उरलेले कॅबिनेट फॅन थेट एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) जोडले तर चालेल का?

चालेल. फॅन फिरतील, दिवेही लागतील. तरीही लावू नका.

तुम्ही लिहिलंय की कॅबिनेटमध्ये पाच फॅन आहेत, सीपीयू फॅनची (प्रोसेसरवरच्या फॅनची) जागा सोडली तर मदरबोर्डवर दोनच मोकळ्या आहेत, आणि दुकानदार म्हणतोय, ‘उरलेले मोलेक्सला मारून देतो, फॅनच तर आहेत.’ मोलेक्स म्हणजे एसएमपीएसमधून येणारा, नुसती वीज देणारा जुना कनेक्टर. हे ‘फॅनच तर आहेत’ वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. याच वाक्याने माझ्या बहिणीच्या घरची एक अख्खी लग्नसराई खाल्ली आहे.

माझे भाऊजी अकोल्यात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ चालवतात. लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला त्यांनी एका दुकानातून मशीन जोडून घेतलं. प्रोसेसर चांगला, ग्राफिक्स कार्ड चांगलं, समोर जाळी आणि जाळीमागे तीन रंगीत फॅन. हिवाळ्यात सगळं सुरळीत चाललं. मार्च संपता संपता रडगाणं सुरू झालं. एक्सपोर्ट लावला की मशीन रेंगाळायचं, कधी अर्ध्यात आपोआप बंद पडायचं. इकडे नवरीचे वडील फोनवर, तिकडे भाऊजी दुकानात. दुकानाने आधी सांगितलं एसएमपीएस गेला, म्हणून नवा टाकला. मग सांगितलं रॅम. शेवटी म्हणाले प्रोसेसरच कमजोर निघाला, वरचा घ्या. प्रत्येक फेरीला पैसे. वर रात्री जागून तोच व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत काढायचा, तो ताण वेगळा.

मे महिन्यात मी माहेरी गेले होते. अकोल्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, बाहेर पंचेचाळीस अंश हे तिथे रोजचं. भाऊजींना म्हटलं, मला बघू द्या. त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण बहिणीने रेटलं.

एक्सपोर्ट लावला आणि तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं. काही मिनिटांत प्रोसेसर १०० अंशांवर. इंटेलचे बरेच प्रोसेसर तिथे पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्याच्याही पुढे गेलं तर जीव वाचवायला मशीनच बंद करतात. म्हणजे प्रोसेसर कमजोर नव्हता, तो शिस्तीत आपलं काम करत होता. त्याच सॉफ्टवेअरमध्ये खाली फॅनची यादी असते. तिथे एकच नोंद, सीपीयू फॅनची. समोरच्या तीन फॅनचा पत्ताच नाही, कारण ते तिन्ही मोलेक्सने थेट एसएमपीएसला जोडलेले. असे फॅन आहेत हे मशीनला ठाऊकच नव्हतं.

भाऊजी म्हणाले, ‘फॅन तर सुरू आहेत, लाइट दिसून नाही राह्यला का?’

स्टुडिओत अल्बमच्या पानांमध्ये घालायचा पातळ बटर पेपर असतो. त्याची एक पट्टी कापली आणि बाहेरून जाळीसमोर धरली. वरच्या फॅनपाशी पट्टी जाळीला चिकटली. मधल्यापाशी ढिम्म. खालच्यापाशीही ढिम्म. दिवे मात्र तिन्हींचे लखलखीत. जाळी काढल्यावर कळलं की मधल्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. पेन्सिलीच्या टोकाने ढकलला की पाव फेरा घ्यायचा आणि थांबायचा. खालच्या फॅनच्या पात्यात मोलेक्सच्याच लांब वायरचा लोंबता वळसा अडकून बसला होता, वर धुळीची गादी. अशा फॅनमधल्या एलईडींना मोटरशी देणंघेणं नसतं, बारा व्होल्ट मिळाले की ते लागतात. अख्खा उन्हाळा सगळ्यांनी दिवे बघितले आणि वारा आहे असं धरून चालले.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. तीन पिनांच्या फॅनला एक वायर ग्राउंडची, एक बारा व्होल्टची आणि तिसरी वेग सांगणारी. एका फेऱ्याला दोन ठोके ती मदरबोर्डला पाठवते, त्यावरून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते दिसतं. चार पिनांच्या पीडब्ल्यूएम फॅनला चौथी वायर हुकूम घेणारी, किती जोरात फिर हे मदरबोर्ड तिच्यावरून सांगतो. मोलेक्सला लावलं की तिसरी आणि चौथी दोन्ही तुटल्या. फॅन मुका आणि बहिराही. मेला तर कळवणार नाही, मशीन तापलं तर त्याला सांगता येणार नाही, आणि मशीन नुसतं बसून असलं तरी तो पूर्ण वेगाने घोंगावत राहणार. सतत पूर्ण वेग म्हणजे जास्त धूळ आत आणि बेअरिंगची झीजही लवकर. स्वस्त कॅबिनेटमधल्या फॅनना बहुतेक स्लीव्ह बेअरिंग असतं, त्यातलं तेल उष्णतेत लवकर सुकतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी मोठा आहे. कॅबिनेटमधली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली पंचवीसवरून चाळीसवर गेली की आतला प्रत्येक भाग साधारण तेवढ्याच अंशांनी वर चढतो. तिथे एक फॅन गमावणं परवडत नाही.

दुकानदाराला मी फोन केला. तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता, ‘साहेबांना द्या’ म्हणाला. साहेबांना त्याने सांगितलं की मदरबोर्डला जास्त फॅन लावले तर मदरबोर्ड जळतो, म्हणून आम्ही सगळ्यांना मोलेक्सच देतो. भाऊजी फोन ठेवून मला म्हणाले, ‘तो रोज दहा मशीन जोडते. तू आता त्याले शिकवून राह्यली का? फॅनले बारा व्होल्ट भेटले का तो फिरते, बस.’

तर हे ‘मदरबोर्ड जळतो’ प्रकरण हिशोबाने बघा. मदरबोर्डवरच्या साध्या फॅन हेडरची, म्हणजे फॅन लावायच्या जागेची, क्षमता बहुतेक ठिकाणी एक अँपिअर, म्हणजे बारा वॅट असते. मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. फॅनच्या मधल्या स्टिकरवर त्याचा करंट लिहिलेला असतो. १२० मिलिमीटरचा साधा फॅन ०.१५ ते ०.३ अँपिअरच्या आसपास घेतो. ०.२ चे तीन फॅन एका हेडरवर टाकले तर ०.६ होतात. सुरू होताना क्षणभर जास्त ओढतात, तरी भरपूर जागा उरते. बेरीज करायला दोन मिनिटं लागतात. ती न करता गिऱ्हाईकाला भीती घालणं मला अजिबात पटत नाही, मग तो रोज दहा मशीन जोडत असो की शंभर.

म्हणून तुमच्यासाठी: समोरचे तीन फॅन एकाला-तीन स्प्लिटर (एका जागेच्या तीन करणारी वायर) घेऊन एका हेडरवर, मागचा आणि वरचा एकाला-दोन स्प्लिटरने दुसऱ्यावर. एका स्प्लिटरवर एकाच जातीचे फॅन ठेवा, तीन पिनांचे आणि चार पिनांचे मिसळू नका. बायोसमध्ये त्या हेडरला तीन पिनांसाठी डीसी आणि चार पिनांसाठी पीडब्ल्यूएम हा मोड निवडा. नाहीतर तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएम मोडवर पूर्ण वेगानेच पळतो आणि लोक म्हणतात बघा, मदरबोर्डला लावून काय उपयोग झाला. सीपीयू फॅनच्या हेडरवर कॅबिनेटचा फॅन टांगू नका. स्टिकरवरची बेरीज एक अँपिअरच्या जवळ जात असेल तर साटाची (एसएमपीएसच्याच दुसऱ्या एका कनेक्टरची) वीज घेणारा हब घ्या. वीज एसएमपीएसची आणि हुकूम मदरबोर्डचा, अशी त्याची रचना असते. तीन पिनांचे फॅन अशा साध्या हबवर पूर्ण वेगानेच फिरतात, हे विकत घेण्याआधी बघा. वारा कुठून कुठे जातो ते तुम्हाला माहीत असेलच, पण अकोल्यातला तो मागचा फॅन उलटा लावलेला निघाला, म्हणून जाता जाता: स्टिकरच्या आणि आडव्या पट्ट्यांच्या बाजूने हवा बाहेर पडते.

भाऊजींच्या मशीनला मी समोर तीन साधे, बिनदिव्यांचे पीडब्ल्यूएम फॅन बसवले, स्प्लिटरने मदरबोर्डला जोडले, मागचा फॅन फिरवला, वायरी बांधून मदरबोर्डच्या मागच्या बाजूला नेल्या. त्याच रात्री पूर्ण लग्न एका दमात एक्सपोर्ट झालं. भाऊजींचं म्हणणं आजही असं की नवा एसएमपीएस बसल्यावर सगळं हळूहळू सुधारत होतं, फॅनचं निमित्त झालं. भाऊजी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. दुकानाने ‘गेला’ म्हणून काढून दिलेला तो जुना एसएमपीएस माझ्या भाच्याच्या मशीनला लावलाय, ग्राफिक्स कार्डासकट, आणि त्यानंतरचा उन्हाळाही त्याने काढलाय. नवा एसएमपीएस बसल्यानंतरही एप्रिलभर मशीन बंद पडतच होतं, ते तुमच्याच कामाच्या वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. दुकानदाराने चूक केली एवढं मान्य करायला काय हरकत आहे? तुम्हाला कुणी चुकीचं म्हणत नाहीये.

काही गोष्टी राहिल्या. स्प्लिटरच्या एकाच तोंडाला तिसरी पिन असते, त्यामुळे तीनपैकी एकाच फॅनचा आरपीएम दिसतो. बाकीच्या दोघांसाठी महिन्याकाठी कागदाची पट्टी धरून बघा, विशेषतः उन्हाळ्याआधी. मोलेक्स सरसकट वाईट आहे असंही नाही. जुन्या बोर्डावर जागाच नसेल आणि आवाजाचं काही वाटत नसेल तर मागचा एखादा फॅन त्यावर चालू द्या, पण समोरून हवा ओढणारे नकोत. मोलेक्सच्या पिवळ्या (बारा व्होल्ट) आणि लाल (पाच व्होल्ट) वायरमधून सात व्होल्ट काढून फॅन मंद करायची जुनी युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका, फॅन शॉर्ट झाला तर बारा व्होल्ट पाचच्या लाइनवर जातात. एआरजीबी (प्रत्येकाचा रंग वेगळा बदलणाऱ्या) दिव्यांची तीन पिनांची पाच व्होल्टची वायर चार पिनांच्या बारा व्होल्टच्या आरजीबी हेडरवर दाबून बसवली की एलईडी गेलेच समजा. आणि तुमच्या कॅबिनेटचे फॅन स्वतःच्या सहा पिनांच्या वेगळ्याच कनेक्टरचे असतील तर वरचं स्प्लिटरचं काहीच लागू पडत नाही. तिथे त्यांच्यासोबत आलेला हबच वापरावा लागतो.

दुकानातच जोडून घेणार असाल तर पैसे देण्याआधी बायोस उघडून फॅनचे आरपीएम दाखवायला सांगा. दाखवायला खळखळ केली तर मशीन तिथून घेऊ नका.