त्रास नाही, मग लघवीचं कल्चर कशाला?

प्रश्न : मला चौथा महिना सुरू आहे. दर तासाला लघवीला जावं लागतं, रात्री तीन-चारदा उठते. जळजळ अजिबात नाही. पण रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) ८-१० आल्या म्हणून डॉक्टरांनी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) सांगितलंय. घरचे म्हणतात, उन्हाळी लागली असेल, पाणी वाढव. काय करू?

उत्तर : कल्चर कराच. वारंवार लघवी होणं गरोदरपणात साहजिक आहे. मूत्रपिंडं नेहमीच्या जवळजवळ दीडपट काम करत असतात, आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपिशवी मूत्राशयाला खेटून असते. रात्रीचं कारण वेगळं: दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवीवाटे निघतं. संध्याकाळी अर्धा तास पाय उंच ठेवून कुशीवर पडा. झोपण्याआधी दोन तास पाणी कमी प्या, मात्र दिवसभराचं दोन-सव्वादोन लिटर चुकवू नका.

जंतूंचं मात्र वेगळं. गरोदरपणात ते काहीही त्रास न देता लघवीत राहू शकतात. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणाऱ्या नळ्या सैलावलेल्या असतात, वाढती गर्भपिशवी त्यांना दाबते (उजवीला जास्त), लघवी साचून राहते आणि जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. उपचार न झाल्यास अशा चौघींपैकी एकीपर्यंत हे घडू शकतं. मग थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला कळ, उलट्या, कधी वेळेआधी कळा. म्हणून आत्ताच पकडायचं.

नुसत्या पस सेल्सवर मात्र गोळ्या सुरू करू नयेत. अंगावरून जाणारं पांढरं पाणी लघवीत मिसळलं तरी त्या दिसतात. सॅम्पल नीट द्या, निम्मा घोळ तिथेच होतो. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. दोन बोटांनी त्वचा बाजूला धरून पहिली धार सोडून द्या, मग धार न थांबवता डबी खाली धरा. २०-३० मिली पुरे. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. 'मिश्र जंतू' असा रिपोर्ट आला तर बहुतेक वेळा सॅम्पल बिघडलेलं असतं, ते पुन्हा द्या. एकाच जातीचे जंतू मिलीला १ लाख किंवा जास्त आले, तर त्रास नसला तरी डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा आणि संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करा. लघवीचं सिरप जळजळ कमी करतं, जंतू मारत नाही.

ताप, कमरेत कळ, लघवीतून रक्त किंवा लघवी तुंबणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : आठवा महिना आहे. खोकताना लघवी निसटते. ती लघवीच आहे की पाणमोट फुटली, हे कसं ओळखू?

उत्तर : खोकताना, शिंकताना थेंबभर निसटलं आणि लघवीचा वास आला, तर बहुधा लघवीच. मूत्राशय रिकामं करून कोरडं पॅड लावा, अर्धा तास पडून मग उभ्या राहा. उभं राहताच पातळ, बिनवासाचं पाणी आलं किंवा पॅड पुन्हा भिजत राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. निसटणं कमी व्हावं म्हणून, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू ८-१० सेकंद आवळून तितकाच वेळ सैल सोडा. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. लघवी करताना धार अडवून सराव करू नका, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. पाणी हिरवट किंवा लालसर दिसलं, तर पॅड लावून बघत बसू नका, लगेच निघा.