सिस्टर, आण्णांचे हात का बांधलेत?

(हॉस्पिटल, आजारपण आणि घरच्यांची घालमेल याबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतायत आयसीयूत अनेक वर्षं काम करून निवृत्त झालेल्या एक इन्चार्ज सिस्टर.)

प्रश्न : नमस्कार ताई, आमचे आण्णा ७४ वर्षांचे, शेतकरी. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणून कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत ठेवलंय. पहिले दोन-तीन दिवस बरं बोलत होते आणि मग एका रात्री अचानक काहीबाही बडबडायला लागले. मला ओळखलं नाही, "लाइट आली, मोटर चालू कर, पाण्याची पाळी जाईल" असं सारखं चालू, सिस्टरला शिव्या दिल्या, आमच्या आण्णांच्या तोंडून आम्ही कधी शिवी ऐकलेली नाही. काल आत गेलो तर दोन्ही हात पट्टीनं कॉटला बांधलेले. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "नळ्या उपसतात हो, तुम्ही बाहेर थांबा आता." आईला अजून काही सांगितलेलं नाही. आण्णांना वेड लागलंय का? आणि माणसाला असं बांधून ठेवतात का? – एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : दादा, पहिलं हे ऐका, आण्णांना वेड लागलेलं नाही. याला डिलिरियम म्हणतात आणि आयसीयूत हे रोजचं आहे, म्हाताऱ्या माणसांत तर फारच. रक्तात इन्फेक्शन, ताप, सोडियम खाली जाणं, ऑक्सिजन कमी पडणं, झोपेची-दुखण्याची औषधं, तुंबलेली लघवी, झालेलं बद्धकोष्ठ, यातलं काहीही मेंदूला गोंधळात टाकतं, आणि वर आयसीयूत चोवीस तास दिवे चालू, मॉनिटरची टिकटिक, दर तासाला कोणीतरी येऊन टोचतंय, मग दिवस कुठला रात्र कुठली हेच कळत नाही. बहुतेक जणांत मूळ आजार आटोक्यात आला की काही दिवसांत हे उतरतं, म्हाताऱ्यांत कधी काही आठवडेही लागतात. आण्णांना लाइट आणि मोटरच का दिसते तर आयुष्यभर शेतीची लाइट रात्रीच आली आणि ते उठून गेले, म्हणून.

एक विचारते, रागावू नका. आण्णा रोज थोडी घेत असतील, तंबाखू-मिशरी असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा. घरचे लाजेनं हे लपवतात आणि दारू अचानक तुटल्यावर दोन-तीन दिवसांनी अशीच बडबड, थरथर सुरू होते. त्याचे उपचार वेगळे असतात, आणि सांगितलंच नाही तर जीवावर बेतू शकतं.

आता हात बांधण्याचं. तुम्हाला ते बघून काय झालं असेल ते कळतं मला, आयसीयूच्या दारात असं रडणारी कितीतरी मुलं मी बघितलीत. पण गळ्यातली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, ओढून निघाली तर मिनिटांत भरपूर रक्त जातं, आणि आत फुगा भरलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, उपसला तर आत जखम होते. म्हणून बांधतात. तरीही बांधणं हा शेवटचा उपाय असायला हवा, डॉक्टरांची लेखी ऑर्डर हवी आणि घरच्यांना आधी सांगायला हवं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही ही त्यांची चूकच, ते मी झाकणार नाही. आत गेलात की बघा, पट्टीखाली दोन बोटं सहज जातायत का, हात गार किंवा काळानिळा पडलाय का, आणि विचारा की दर दोन तासांनी पोझिशन बदलताना हात सोडतात ना. "मी इथं बसतो, तेवढा वेळ हात सोडाल का?" असं विचारून बघा. बऱ्याच सिस्टर हो म्हणतात, कारण बांधलेला पेशंट जास्त चवताळतो हे त्यांनाही माहीत असतं.

सिस्टर तुटक बोलल्या त्याबद्दल. नर्सिंग कौन्सिलचा निकष आयसीयूत एका पेशंटमागे एक सिस्टर असा आहे, पण प्रत्यक्षात नाइटला एकेका सिस्टरकडे तीन-तीन पेशंट असतात. बहुतेक ठिकाणी सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या आसपास ड्युटी बदलते, तेव्हा एकमेकींना ओव्हर देणं चालू असतं, कुठलं औषध गेलं, लघवी किती झाली, सलाईन किती उरलं. त्या वीस-पंचवीस मिनिटांत काही विचारलंत की तुटकच उत्तर येणार, आणि खरं तर त्यांचं लक्ष तेव्हा मोडूच नये. ओव्हर संपल्यावर अर्ध्या तासानं जा, घरातल्या एकानंच जायचं, आणि "कसे आहेत?" असं मोघम न विचारता "रात्री झोपले का, दुखतंय का, संडास झाली का" असं विचारा. मग बघा कशा थांबून सांगतात. डॉक्टर मात्र रोज एकदा भेटलेच पाहिजेत आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत बोलले पाहिजेत, माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तो पहिलाच आहे.

आणि आईला आजच सांगा आणि घेऊन या. आण्णांना या घडीला ओळखीचा आवाज हवाय आणि आईसारखा आवाज कुठल्या औषधात नाही. पण आत नेण्याआधी बाहेर बाकावर बसवून सांगा की नाकात नळी आहे, हात बांधलेत, कदाचित तुला ओळखणार नाहीत. आण्णांचा चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, कवळी असेल तर तीही घेऊन या, हे सगळं घाईत घरीच राहिलेलं असतं आणि माणूस आंधळा-बहिरा होऊन त्या गोंगाटात पडलेला असतो. सिस्टरना विचारून समोर दिसेल असं घड्याळ ठेवा. बोलताना "आण्णा, मी तुमचा मुलगा, आज गुरुवार, सकाळ झालीय, आपण कोल्हापूरला दवाखान्यात आहोत" एवढंच, पुन्हा पुन्हा. मोटरवरून वाद घालू नका, आणि खोटं खोटं होही म्हणू नका. "पाण्याचं मी बघतो, तुम्ही पडा" म्हटलं की पुष्कळदा शांत होतात.

ते अचानक गप्प झाले, दिवसभर झोपूनच आहेत, हाक मारली तर नुसतं बघतायत, तर "चला, शांत झाले" म्हणून खूश होऊ नका, लगेच सिस्टरना सांगा. डिलिरियमचा हा गप्प प्रकार नजरेतून जास्त सुटतो.

शिव्यांची माफी मागायची गरज नाही हो. आम्ही त्या मनाला लावून घेत नाही. आणि घरी आल्यावर आण्णांना आठवलं, लाज वाटली, रात्री दचकून उठायला लागले, तर काय झालं होतं ते सरळ सांगा. परदेशात काही आयसीयूत सिस्टर आणि घरचे मिळून पेशंटसाठी रोजची डायरी लिहितात, नंतर वाचायला. तुम्हीही वहीत दोन ओळी लिहा, आत्ता तुमचंही मन त्यात मोकळं होईल. रात्री बाहेर बसायच्या पाळ्या लावा, झोपायचं तुम्हालाही आहे.

प्रश्न : मॅडम, मी स्टाफ नर्स, पहिलाच जॉब, कॅन्सर वॉर्ड. मागच्या आठवड्यात माझी एक पेशंट गेली, मला नावानं हाक मारायची. घरी जाऊन खूप रडले. सीनियर म्हणतात सवय होईल, इतका जीव लावायचा नसतो. माझंच चुकतंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही गं बाळा, काही चुकत नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग त्यांच्यावर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत अंथरुणावर पडून होत्या, त्या स्वतः नर्स, आणि केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्यांनी त्यांना ४२ वर्षं सांभाळलं, पडून पडून होणारी जखम, बेडसोअर, होऊ दिली नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या निकालात या सेवेचं कौतुक केलंय. जीव लावल्याशिवाय इतकी वर्षं कोण करेल सांग?

पण जीव लावणाऱ्या बाईला कोणीतरी विचारायलाही हवं. पेशंट गेला की बॉडी स्वच्छ करताना घाई करू नको, नावानं हाक मारून "आता पुसते हं" असं बोलत कर, सोबत असलेल्या मावशींनाही आत बोलाव. ड्युटी सुटल्यावर बरोबरच्या एखादीशी दहा मिनिटं त्या पेशंटबद्दल बोलून मगच घरी जा, आणि इन्चार्जना सांग की असा मृत्यू झाल्यावर त्या सिस्टरला लगेच दुसरा सीरियस पेशंट देऊ नका, निदान त्या शिफ्टला. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, हे मागावं लागतं. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, ड्युटीवर जायच्या विचारानंच पोटात गोळा येतोय असं असेल तर १४४१६ ला फोन कर, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नाइट करून आलीस की पहाटेही लागतो.