जंपच्या तोंडाशी आला की ब्रेक दाबतो

“हात बरा झाला, डॉक्टरांनी सायकल चालवायची परवानगीही दिली. पण हा बाइक पार्कला जातो, वर चढावर उभा राहतो आणि तसाच परत येतो. घरी आला की चिडचिड. याच्या मनातली भीती तेवढी काढून टाका.” समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेल्या १६ वर्षांच्या मुलाच्या आईचं हे म्हणणं होतं. पडण्याचा संभव असलेल्या कुठल्याही खेळात हा प्रश्न हमखास येतो. ओळख पटेल असे तपशील बदलून हे उदाहरण देत आहोत.

बाइक पार्क म्हणजे सायकलवरून उड्या मारण्यासाठी मातीचे उंचवटे केलेली जागा. मुलगा पडला तो तिथल्या डबलवर. डबल म्हणजे मातीचे दोन उंचवटे: पहिल्यावरून उडायचं, दुसऱ्याच्या उतारावर उतरायचं, मध्ये मोकळी जागा. टेबलटॉपमध्ये हीच मधली जागा मातीने भरलेली असते, त्यामुळे वेग कमी पडला तर सायकल सपाटीवर आदळते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. डबलवर कमी वेगाला माफी नाही. याने चढाच्या टोकाशी, म्हणजे लिपवर, ब्रेक दाबला. मागचं चाक समोरच्या उंचवट्याच्या कडेवर आपटलं, हा हँडलवरून पुढे गेला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं.

पहिल्या भेटीत “भीती वाटते का?” या प्रश्नाला “नाही” एवढंच उत्तर आलं. सोळाव्या वर्षी, आई शेजारी बसलेली असताना, दुसरं उत्तर यायचं नाहीच. म्हणून प्रश्न बदलला: पार्कमध्ये सगळ्यात जास्त मजा कशात येते? मग मात्र गाडी सुटली. टायरने लिप सोडली की खालची खरखर एकदम बंद होते. उतारावर दोन्ही चाकं नीट टेकली तर धक्का जाणवतच नाही, उलट वेग वाढतो आणि पुढच्या जंपला पेडल मारावं लागत नाही. पंप ट्रॅकवर, म्हणजे लागोपाठ लहान उंचवटे असलेल्या वाटेवर, नुसतं अंग खाली-वर करून, एकही पेडल न मारता अख्खी फेरी मारता येते. आईने हे पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या समजुतीप्रमाणे हा सगळा मित्रांपुढचा शौर्याचा मामला होता. मुलाने उंच उडण्याचा विषयसुद्धा काढला नव्हता.

त्यानंतर पार्कमधल्या प्रत्येक जागेला ० ते १० मधले दोन आकडे द्यायला सांगितले, एक मजेचा, एक भीतीचा. पंप ट्रॅक: मजा ७, भीती १. लहान टेबलटॉप: मजा ८, भीती ४. मोठा टेबलटॉप: मजा ६, भीती ७. डबल: भीती ९ आणि मजेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. आता तो रोज पार्कमध्ये शिरल्यावर आधी कुठे जायचा? थेट डबलवर, कारण त्याच्या गटातली मुलं तिथेच असतात. म्हणजे रोज ९ समोर उभं राहायचं आणि मागे फिरायचं. मागे फिरलं की हायसं वाटतं, आणि हे हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं: ‘परत फिरलो म्हणून वाचलो’ एवढंच मन शिकतं.

“भीती काढून टाका” ही मागणी आम्ही मान्य केली नाही, कारण या भीतीत निम्मी माहिती खरी होती. लिपवर ब्रेक दाबणं हा अर्धवट निर्णय आहे. वेग तुटतो, सायकल मात्र हवेत जातेच. हवेत मागचा ब्रेक धरला तर आणखी वाईट: फिरतं चाक थांबतं, त्याची फिरकी सायकलमध्ये उतरते आणि पुढचं चाक खाली झुकतं. म्हणून नियम एकच ठेवला. जंपकडे नेणाऱ्या उतरणीच्या सुरुवातीला एक खूण ठरवायची. खुणेच्या अलीकडे कितीही वेळा थांबा, त्यात कमीपणा नाही. खूण ओलांडली की बोट ब्रेकवर येणार नाही आणि नजर लँडिंगवर राहील. ही खूण कुठे हवी, वेग किती हवा, हे पार्कमधल्या अनुभवी प्रशिक्षकाने ठरवायचं. समुपदेशकाने नाही.

मुलाला ‘हा सगळा मनाचा खेळ आहे’ असं सांगण्याआधी सायकल तपासावी, हा आमचा आग्रह असतो. या मुलाच्या सायकलचं हँडल पडल्यापासून चाकाच्या रेषेत नव्हतं, जरासं फिरलेलं होतं. हेल्मेटही तेच, पडताना जमिनीवर आपटलेलं. हेल्मेटच्या आतला फोम एका जोरदार आघातापुरताच असतो, बाहेरून तडा दिसला नाही तरी ते बदलावंच लागतं. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट, हँडलला चीर, चाकाचे स्पोक, मागचा ब्रेक, सगळं पाहून घेतलं. टायरमध्ये हवा कमी होती. जंपसाठी साधारण ४० ते ५० पीएसआय लागते, मऊ टायर लिपवर दबतो आणि वळवळतो. सीट पूर्ण खाली केली, म्हणजे सायकल अंगाखाली हलायला जागा राहते. हे सगळं झाल्यावर भीतीचा आकडा, एकही जंप न मारता, थोडा उतरला.

मग सुरुवात पंप ट्रॅकपासून, जिथे मजा शाबूत होती. नंतर लहान टेबलटॉप. आधी न उडता नुसता वरून ओलांडायचा, मग थोडा वेग वाढवून सपाटीवर उतरायचं, मग हळूहळू पलीकडच्या उताराकडे. एका पायरीवर वेगवेगळ्या दोन दिवशी भीती ३ किंवा खाली आली तरच पुढची पायरी. एखाद्या दिवशी आकडा वाढला तर घरी निघायचं नाही, एक पायरी खाली येऊन खेळायचं आणि मजेच्या फेरीवर दिवस संपवायचा. ‘शेवटची एक’ मात्र नाही. थकलेले पाय लिपवर ढिले पडतात, आणि ढिल्या पायांना लिपचा दाब मागून उचलून फेकतो. अंग ताठ धरलं तरी हवेत सायकलवर ताबा राहत नाही. पावसाने माती ओली असेल तर पार्कला सुट्टी, त्यात चर्चा नाही.

आईला दोनच गोष्टी बदलायला सांगितल्या. मुलगा उतरणीवर असताना “सांभाळून!” असं ओरडायचं नाही, कारण नजर आवाजाकडे वळते. आणि घरी आल्यावर “आज मारलास का?” याऐवजी “आज कशात मजा आली?” असं विचारायचं. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या ठिकाणी. पुन्हा हातावर पडला आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दुखत राहिलं, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टरांना परत दाखवायचं, तिथल्या लहान हाडाची चीर सुरुवातीला दिसतेच असं नाही. डोकं आपटून डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्यांनी सांगेपर्यंत सायकल बंद. पडण्याची स्वप्नं पडणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, पार्कचा रस्तासुद्धा टाळणं, हे महिन्याहून जास्त चाललं तर पायऱ्यांची योजना पुरत नाही. तेव्हा आघातावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे जावं. या मुलात तसं काही नव्हतं.

मोठा टेबलटॉप तो आता मारतो. डबल अजून नाही, आणि आईनेच विचारलं, “मग डबल कधी?” उत्तर मोजण्यासारखं आहे. डबलच्या लांबीइतक्याच टेबलटॉपवर मागचं चाक दरवेळी कडेच्या पुढे, उतारावर टेकलं पाहिजे, कधीतरी नव्हे. ते जमलं की डबलला किती वेग लागतो हे त्याला अंगाने कळलेलं असेल. तोवर डबलच्या बाजूने जाणारी वाट आहेच, आणि ती घ्यायची की नाही हे तो खुणेच्या अलीकडे ठरवेल.