रिकामी टाकी जास्त धोक्याची

प्रश्न : टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ विमान १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि बाराव्या मिनिटाला समुद्रावर फुटलं, २३० जण गेले. मधल्या टाकीचा स्फोट झाला, असा चौकशीचा निष्कर्ष. पण विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलच; त्यात पेटती काडी टाकली तर विझते. टाकीही जवळपास रिकामी होती. मग क्षेपणास्त्राची शंका का घेऊ नये?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काडी विझते ती गार रॉकेलमध्ये. स्टोला आधी काकडा लावतात, कारण जळते ती रॉकेलची वाफ. सुमारे ४९ हजार लिटरच्या त्या टाकीत तळाशी जेमतेम १९० लिटर इंधन होतं. बाकी सगळी हवा आणि वाफ. टाकी भरलेली असती तर तेवढं थंड इंधन सहजी तापलं नसतं.

टाकीच्या खालीच वातानुकूलन यंत्रं. उड्डाण लांबलं आणि ती अडीच तासांच्या आसपास जमिनीवर चालू राहिली. नंतरच्या चाचणी उड्डाणात टाकीतलं तापमान काही ठिकाणी ५३ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. हे इंधन समुद्रसपाटीला ३८ अंशांच्या पुढे पेट घेऊ शकणारी वाफ देऊ लागतं. उंचीवर दाब कमी, त्यामुळे त्याहून कमी तापमानही पुरतं. मग पाव मिलिज्यूलची, म्हणजे अगदी क्षीण ठिणगीही बस होते.

ठिणगी आली कुठून? इथे मात्र शंकेला जागा आहे. चौकशीच्या २००० सालच्या अहवालातही ‘बहुधा’ असंच म्हटलं आहे : टाकीबाहेर तारांचं शॉर्टसर्किट होऊन इंधनमापकाच्या तारांतून जास्त व्होल्टेज आत शिरलं. मापकाच्या तारा जास्त व्होल्टेजच्या तारांसोबत एकाच जुडग्यात होत्या. स्फोटाआधी दोनेक मिनिटं कॅप्टननं चौथ्या इंजिनाच्या इंधनप्रवाहाचा काटा वेड्यासारखा वागतोय, असं म्हटल्याची नोंद आहे. नेमकी ठिणगीची जागा सापडली नाही. पण काय फुटलं आणि कशानं पेटलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर अवशेषांतच आहे : ९५ टक्क्यांहून जास्त विमान वर काढलं, जोडलं, आणि बॉम्ब किंवा क्षेपणास्त्राच्या स्फोटानं धातूला पडतात तसे खड्डे व पाकळ्यांसारखे उलटलेले पत्रे कुठेच दिसले नाहीत. काही तुकड्यांवर स्फोटकांचे कण मिळाले हे खरं, पण ते कण जिथे होते तिथे नुकसान तसं नव्हतं. लोकांनी पाहिलेली वर चढणारी रेघ म्हणजे नाक तुटल्यावरही काही क्षण उडत राहिलेलं जळतं विमान, असं चौकशीचं मत. सीआयएनं त्यावर चित्रफीत काढली, आणि गुप्तहेर खात्याचं नाव आल्यानं संशय उलट वाढलाच.

प्रश्न : आता विमानांत काय बदललं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मनिला (१९९०) आणि बँकॉक (२००१) इथे जमिनीवरच असलेल्या बोइंग ७३७ विमानांच्या मधल्या टाक्याही फुटल्या होत्या. २००८ च्या अमेरिकन नियमानंतर अशा टाक्यांत नायट्रोजन सोडण्याची सोय आली. इंजिनातली गरम हवा थंड करून, गाळून पोकळ तंतूंच्या नळकांड्यातून नेतात. ऑक्सिजन भिंतीतून निसटतो, उरलेली नायट्रोजनयुक्त हवा टाकीत जाते. ऑक्सिजन २१ वरून १२ टक्क्यांखाली आला की ठिणगी पडूनही वाफ पेटत नाही. तंतूंवर तेल किंवा धूळ बसली की क्षमता घटते, म्हणून गाळणी वेळेवर बदलावी लागते. तारांची वेगळी वाट आणि जमिनीवर असताना शक्य तिथे विमानाच्या वातानुकूलन यंत्रांऐवजी विमानतळावरची थंड हवा वापरणं, हे उपाय त्याच्या जोडीला असतातच.