ग्रॅहम, ग्रॅम आणि अजीर्ण

‘चीजकेकच्या तळाला ग्रॅहम क्रॅकर लागतात, ते बेसनाचे असतात का? आणि ग्रॅहम हा शब्द ग्रेनवरून आला का?’ असा प्रश्न आला आहे.

बेसनाचे नसतात. न चाळलेल्या, जाडसर गव्हाच्या पिठाचे असतात. इंग्रजीत बेसन म्हणजे ‘ग्रॅम फ्लोअर’, आणि अमेरिकन माणूस ग्रॅहममधला ह गिळून ‘ग्रॅम’ म्हणतो. व्हिडिओ ऐकून पाककृती उतरवणारे मग सर्रास ‘हरभऱ्याच्या पिठाची बिस्किटे’ ठोकून देतात. निदान पाकिटावरचा मजकूर तरी वाचा!

ग्रॅहम हे माणसाचे नाव. सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) मूळचा धर्मोपदेशक. १८३० मध्ये फिलाडेल्फियात दारूविरुद्ध बोलता बोलता पोटावर घसरला. मांस, चहा, कॉफी, मसाले वर्ज्य. पाव घरचाच, कोंड्यासकट. बाजारचा पाव भेसळीचा, असे तो उघड म्हणे. १८३७ मध्ये बॉस्टनला बेकरीवाले आणि खाटीक त्याच्या व्याख्यानावर चालून आले, तेव्हा अनुयायांनी खिडक्यांतून त्यांच्यावर चुना ओतला. आजच्या गोड क्रॅकरला त्याने हातही लावला नसता. आडनाव स्कॉटिश, इंग्लंडातल्या ग्रँथम गावावरून आलेले. धान्याशी काडीचा संबंध नाही.

खरी गंमत ‘ग्रॅम’मध्ये आहे. पोर्तुगीजांचा ‘ग्रांव’ म्हणजे दाणा, हिंदुस्थानात त्याचा हरभरा झाला. (वजनाचा ग्रॅम वेगळा, तो ग्रीक.) ग्रांवचे मूळ लॅटिन ‘ग्रानुम’, आणि ग्रानुमचा भाऊबंद कोण? संस्कृत ‘जीर्ण’! दाणा म्हणजे ‘पिकलेले’, असे हल्लीचे पंडित या दोन्ही शब्दांच्या मूळ धातूवरून सांगतात. मला मात्र जुना ‘झिजलेले, दळलेले’ हाच अर्थ पटतो. कधी जात्यावर न बसलेल्यांना दाणा नुसता पिकताना दिसणार! आपल्याकडे जीर्ण म्हणजे झिजलेले आणि पचलेलेही. आणि ग्रॅहमची व्याख्याने ज्या दुखण्याभोवती फिरत, त्याला आपण अजीर्णच म्हणतो.

पुढे १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डान्सव्हिलला जेम्स केलब जॅक्सनने ग्रॅहमचेच पीठ भाजून, फोडून, पुन्हा भाजून ‘ग्रॅन्युला’ नावाचे न्याहारीचे खाणे काढले. हेही ग्रानुमचेच पिल्लू. केलॉगने नाव उचलले आणि तक्रार झाल्यावर ‘ग्रॅनोला’ करून टाकले. जॅक्सनचे ते खाणे रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावत नसे. पिकलेले की दळलेले, हे पंडितांनी एकदा ते कोरडे चावून ठरवावे.