पैसे भरूनही व्हीपीएन लावला की ओटीटीवाले अडवतात. दुसरा व्हीपीएन घ्यावा का, आणि मी चोर ठरतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन वर्षं न चुकता पैसे भरताय, व्हीपीएन लावून, म्हणजे इंटरनेटची वाट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरून वळवून, तिथली यादी बघत होता, आणि गेल्या आठवड्यात एकदम 'आपण प्रॉक्सी वापरत आहात असे दिसते' अशी पाटी आली (प्रॉक्सी म्हणजे व्हीपीएनसारखा मधला सर्व्हर). हे ओळखतात कसं, दुसरा व्हीपीएन घेऊन उपयोग होईल का, अकाउंट बंद करतील का, असे तीन प्रश्न आणि शेवटी 'मी चोर ठरतो का' हा चौथा. पहिल्या तिन्हींची उत्तरं कुणीही देईल. मी लिहायला बसले ती चौथ्यामुळे. हाच शब्द माझ्या सख्ख्या बहिणीला लावला गेला होता, आणि तोही तिचाच आवाज असलेल्या फिल्मवरून.

मी एडिटर आहे. आमच्या आजोबांवर मी आणि माझ्या एका मित्राने ५२ मिनिटांचा माहितीपट केला. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. निर्माता मित्र, दिग्दर्शन आणि एडिट माझं, निवेदन ताईचं. ताई कितीतरी वर्षं दुसऱ्या देशात आहे. स्टुडिओचे पैसे आमच्याकडे नव्हते, म्हणून तिने कपड्यांच्या कपाटात बसून, दार लावून, डोक्यावर रजई घेऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं. वरच्या मजल्यावरची पावलं रात्री अकराच्या पुढे थांबायची, तेव्हा कामावरून येऊन जेवून ती कपाटात शिरायची. अशा चौदा रात्री. काही टेकमध्ये हँगर एकमेकांना लागल्याचा बारीक आवाज आहे, तो मी मुद्दाम ठेवला, कारण तो आजोबांच्या टेबलावरच्या चिमट्यांसारखा वाटतो. ताईने एक पैसा घेतला नाही.

फिल्म एका ओटीटीने घेतली. कराराला मागे एक परिशिष्ट होतं, त्यात देशांची यादी. ताईचा देश त्यात नव्हता. ही यादी मी वाचली होती. नजरेतून सुटली असं मी आज म्हणू शकत नाही. तीन वर्षांच्या कामाला कुणीतरी घेतंय याचाच आनंद इतका होता की 'ताईला काय, दाखवू कधीतरी' असं मनात म्हणत मी सही केली.

फिल्म आली त्या संध्याकाळी ताईने चार मैत्रिणींना घरी बोलावलं होतं. त्याच ओटीटीचं सबस्क्रिप्शन तिच्याकडे आधीपासून होतं, दर महिन्याला तिच्या कार्डावरून पैसे जायचे. नाव टाकलं तर काहीच नाही. दोनदा स्पेलिंग बदलून बघितलं. मग एक मैत्रीण म्हणाली, व्हीपीएन लाव. ताईने तिथल्या तिथे एका महिन्याचा व्हीपीएन विकत घेतला, आमच्या यादीतला एक देश निवडला आणि फिल्म दिसली. मी व्हिडिओ कॉलवर होते. तिचा पहिला शब्द टीव्हीतून आला तेव्हा तिने हात तोंडावर धरला. बाराव्या मिनिटाला चित्र थांबलं आणि तुम्हाला आली तीच पाटी आली. दुसरा सर्व्हर घेतला. या वेळी फिल्म यादीतूनच गायब. उरले होते ते फक्त ओटीटीचे स्वतःचे कार्यक्रम, ज्यांचे जगभरचे हक्क त्यांच्याकडे असतात. मैत्रिणी तासाभराने घरी गेल्या.

हे ओळखतात कसं, ते मला त्या रात्री शिकावं लागलं. व्हीपीएनच्या आत काय चाललंय हे त्यांना दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. तुम्ही ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या घर क्रमांकावरून, आलात तो त्यांना दिसतो. व्हीपीएन कंपन्यांचे बहुतेक पत्ते डेटा सेंटरमधले, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतींमधले असतात, आणि कुठला पत्ता डेटा सेंटरचा, कुठला घरगुती, याच्या तयार याद्या विकत मिळतात. डेटा सेंटरमध्ये बसून रात्री सिनेमा कोण बघतो? त्यात एकाच पत्त्यावरून शेकडो वेगवेगळी अकाउंटं चालू दिसली की विषयच संपतो. ताईच्या बाबतीत अजून एक भोक होतं. आयपी पत्ते दोन प्रकारचे असतात, जुना आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६. तिचा व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ची वाहतूक नेत होता, पण तिच्या घरच्या इंटरनेटला आयपीव्ही६ही होतं. ते सरळ बाहेर जात होतं, तिच्या खऱ्या देशाचा शिक्का घेऊन. आयपी तपासायचं एक पान मी तिला उघडायला लावलं, तर वर एक देश, खाली दुसरा. एका बैठकीत एक माणूस दोन देशांत. आयपीव्ही६ बंद केलं तरी फरक पडला नाही, म्हणजे तो पत्ता तोवर त्यांच्या यादीत गेला असावा.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दुसरा व्हीपीएन चालेल, काही दिवस. मग तोही अडेल. अमेरिकेतल्या हुलूने २०१४ मध्ये आणि ब्रिटनमधल्या बीबीसी आयप्लेयरने २०१५ मध्ये व्हीपीएनवाल्यांना अडवायला सुरुवात केली. नेटफ्लिक्सने ६ जानेवारी २०१६ ला एकदम १३० नव्या देशांत पाय ठेवला आणि लगेच पुढच्या आठवड्यात, १४ जानेवारीला, प्रॉक्सीवाल्यांना बंद करणार म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून पाठशिवणीचा खेळ चालू आहे. व्हीपीएन कंपन्यांनी घरगुती पत्ते वापरायला घेतले, तर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने घरगुती पत्तेही अडवले, आणि आयुष्यात कधी व्हीपीएन न लावलेल्या लोकांचीही यादी आक्रसली. फुकटच्या व्हीपीएनच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. त्यातले काही तुमचंच कनेक्शन परक्या लोकांना वापरायला देतात. अकाउंट सहसा बंद करत नाहीत, यादी तेवढी छाटतात.

आता चौथा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं तो हळहळेल. तो म्हणाला, "अगं, पण तिने केली ती चोरीच आहे ना. त्या देशाचे हक्क आपण विकलेच नाहीत." मी म्हटलं, मग तिला पासवर्डवाली लिंक पाठवते. तर म्हणे करारात बसत नाही, निर्माता म्हणून परवानगी देणार नाही. त्या दिवसापासून आमच्यात हा वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

माझं मत स्वच्छ आहे. चोर तो, जो पैसे देत नाही. ताईने ओटीटीचे पैसे भरले होते, वर व्हीपीएनचे भरले. ती दोनदा पैसे देणारी प्रेक्षक होती. तिने करार मोडला का? हो, ओटीटीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की तुमच्या देशात जे उपलब्ध आहे तेच बघा. अट मोडणं आणि चोरी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची मुद्दाम सरमिसळ करणाऱ्यांचा मला राग येतो. डीव्हीडीच्या काळातही जगाचे सहा विभाग पाडले होते. एका विभागात रीतसर विकत घेतलेली डिस्क दुसऱ्या विभागातल्या प्लेयरवर चालायची नाही. ती डिस्क बॅगेतून आणणाऱ्या माणसाला कुणी चोर म्हणत नव्हतं.

मित्राला मी पोर्ट्समथच्या कॅरन मर्फीची केस सांगितली. या बाईंचा इंग्लंडमध्ये पब होता. प्रीमियर लीगचे फुटबॉल सामने दाखवायला त्यांनी ग्रीसमधलं डिकोडर कार्ड (सॅटेलाइट वाहिन्या उघडणारं कार्ड) घेतलं, पैसे भरून. खटला झाला, दंड झाला, त्या लढत राहिल्या. ४ ऑक्टोबर २०११ ला युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड वापरायला बंदी घालणारा कायदा युरोपीय संघाच्या मुक्त सेवांच्या तत्त्वात बसत नाही. पुढे १ एप्रिल २०१८ पासून तिथे असा नियमही आला की पैसे भरून घेतलेली सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावर तुमच्या घरच्या यादीसकट चालली पाहिजे. म्हणजे भिंत काढता येते, ठरवलं तर.

मित्राचं म्हणणंही नीट सांगते, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. छोट्या फिल्मचे पैसे तुकड्यातुकड्यानेच येतात. या देशाचे हक्क एकाला, त्या देशाचे दुसऱ्याला. प्रत्येक जण एक्सक्लुझिव्ह मागतो, म्हणजे माझ्या देशात माझ्याशिवाय कुणी दाखवायची नाही. उद्या ताईच्या देशातला कुणी घ्यायला आला आणि तिथले लोक आधीच व्हीपीएनवरून बघतायत असं दिसलं, तर तो भाव पाडेल. आमच्या साउंड मिक्सचे पैसे अशाच एका तुकड्यातून आले होते, हे खरं आहे. आणि म्हणूनच तुम्हाला अडवणाऱ्या ओटीटीवर मला फार राग काढता येत नाही. त्याने अडवलं नाही, तर हक्क विकणारे आमच्यासारखे लोकच त्याला जाब विचारतील. भिंतीची वीट आमच्या हातची असते.

पण ताईच्या देशात आमची फिल्म आजपर्यंत कुणीही घेतलेली नाही. तीन वर्षं झाली. ज्या गिऱ्हाइकासाठी ती खुर्ची रिकामी ठेवली, ते आलंच नाही, आणि जिला तिथे बसायचं होतं तिला उठवलं. यात कुणाचा काय फायदा झाला, हे मित्राने मला अजून सांगितलेलं नाही.

त्यामुळे तुम्हाला माझा सल्ला: व्हीपीएन बदलत बसण्यापेक्षा ज्याची फिल्म आहे त्याला लिहा. मोठ्या स्टुडिओकडून उत्तर येणार नाही, पण छोट्या निर्मात्याला अमुक देशात मला तुमची फिल्म दिसत नाही असं एक पत्र आलं तरी ते तो पुढच्या करारात टेबलावर ठेवू शकतो. आमच्याकडे अशी सहा पत्रं आली असती, तर मी मित्राच्या पुढ्यात मांडली असती. आणि तुम्ही स्वतः काही बनवत असाल तर पहिल्याच दिवशी ठरवा: ज्या देशात ठराविक मुदतीत विक्री झाली नाही, तिथे फिल्म त्याच ओटीटीवर खुली होईल. हे एक कलम आम्ही घातलं असतं तर ती खुर्ची तीन वर्षं रिकामी राहिली नसती.

काही गोष्टी राहिल्या. तुम्ही व्हीपीएन फक्त खासगीपणासाठी लावत असाल, तर बऱ्याच व्हीपीएनमध्ये एखादं ॲप वगळायची सोय असते. ओटीटीचं ॲप त्यात टाका, स्वतःच्या देशाची यादी तरी नीट दिसेल. स्वस्त देशात राहतोय असं भासवून तिथल्या भावात सबस्क्रिप्शन घेणं हे मी ताईच्या बाजूला धरत नाही. २०२४ मध्ये यूट्यूबने अशी प्रीमियम सबस्क्रिप्शन रद्द केली, त्यात मला वावगं वाटलं नाही. काही देशांत व्हीपीएन वापरण्यावरच निर्बंध आहेत, तिथे माझं ऐकू नका, तिथला कायदा बघा. आणि मर्फीबाईंच्या निकालातही एक बाजू होती: लीगची चिन्हं, गीत वगैरे कॉपीराइटचा भाग पबमध्ये दाखवायला परवानगी लागते, असंही न्यायालयाने म्हटलं होतं. मित्र तेच वाक्य धरून बसतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला वादात कधी धड कबूल केली नाही, ती इथे लिहिते. फिल्ममध्ये ३८ सेकंदांचं जुन्या बातमीपटाचं फुटेज आहे, घड्याळाच्या कारखान्यातल्या बायकांचं. ते हवंच असा हट्ट माझा होता. संग्रहाकडून जगभरचे, कायमचे हक्क घ्यायचे तर परवडत नव्हतं, म्हणून आम्ही ठराविक देशांपुरतं लायसन्स घेतलं. ओटीटी उद्या ताईच्या देशात दाखवायला तयार झालं असतं, तरी या ३८ सेकंदांपाशी अडलं असतं.

ताईला फिल्म शेवटी मी पेन ड्राइव्हवर पाठवली, मावसभावाच्या हाती, मित्राला न विचारता. तिने बघितली, एकटीने. त्यानंतर मी जुना प्रोजेक्ट उघडला आणि ते ३८ सेकंद काढले. त्या जागी आता आजोबांच्या भिंगाचा एक स्थिर फोटो आहे आणि ताईच्या कपाटातला आवाज तसाच पुढे चालू राहतो. दुसरी प्रत तयार आहे, ती कुठल्याही देशात दाखवता येईल. गेल्या महिन्यात मित्राला पाठवली. कराराची मुदत संपायला दोन वर्षं आहेत, पण ओटीटीला विचारायला काही मुदत लागत नाही. मित्राचं उत्तर अजून आलेलं नाही.