सॉल्व्हंट बदलला की पेटंटमधून सुटका होते का?

प्रश्न : मी कांदिवलीला राहते. बोईसरच्या एका बल्क ड्रग (गोळीतलं मूळ औषधी द्रव्य बनवणाऱ्या) कारखान्यात प्रॉडक्शन केमिस्ट आहे. आम्ही जे औषध बनवणार आहोत, त्याच्या रेणूचं पेटंट संपलंय. पण ते बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट एका कंपनीकडे अजून चालू आहे. त्या पद्धतीत सॉल्व्हंट, म्हणजे अभिक्रिया ज्या द्रवात घडते तो, टोल्युइन आहे. साहेब म्हणतात, "त्यांचा टोल्युइन, आपण झायलीन वापरू. विषय संपला." बॅच रेकॉर्डवर, म्हणजे प्रत्येक खेपेच्या उत्पादनाच्या नोंदीवर, सही माझी असणार. खरंच विषय संपतो का?

उत्तर : सही करण्याआधी तुम्ही विचारलंत, फार बरं झालं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात मी वीस वर्षं रिॲक्टरपाशी उभी राहिले आहे. असला "विषय संपला" मीही ऐकलाय, आणि संपलेला विषय दोन वर्षांनी नोटीस होऊन आलेलाही पाहिलाय.

त्या पेटंटची पूर्ण प्रत काढा. पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. सुरुवातीची पंचवीस-तीस पानं आत्ता बाजूला ठेवा आणि शेवटी 'वुई क्लेम' लिहिलंय तिथे जा. त्याखालचे क्रमांक घातलेले परिच्छेद म्हणजे दावे. पेटंटची हद्द तिथे आखलेली असते. पहिल्या दाव्यात नुसतं 'ऑरगॅनिक सॉल्व्हंट' असेल आणि टोल्युइनचं नाव थेट चौथ्या दाव्यात येत असेल, तर झायलीन वापरूनही तुम्ही पहिल्या दाव्यात सापडता. 'ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन' असेल तरी तेच, कारण टोल्युइन आणि झायलीन दोन्ही त्याच गटातले. पहिल्या दाव्यात फक्त टोल्युइनच असेल, तर तुम्हाला बोलायला जागा आहे. पण तिथेही न्यायालय विचारतं, की हा बदल खरा आहे की नावापुरता? तेच काम, त्याच रीतीने, तोच परिणाम असेल तर शब्द वेगळा असून भागत नाही.

याचं ताजं उदाहरण २०२२ सालचं आहे, दिल्ली उच्च न्यायालयातलं. औषध नव्हे, क्लोरँट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक. एफएमसी या पेटंटधारक कंपनीच्या पद्धतीत सल्फोनिल क्लोराइड होतं, नॅटको या दुसऱ्या कंपनीने थायोनिल क्लोराइड वापरलं. न्यायालयाला दोन्ही अभिकर्मकं एकसारखी वाटली नाहीत आणि एफएमसीला अंतरिम मनाई मिळाली नाही. तिथे अभिक्रियेत भाग घेणारं रसायनच बदललं होतं. तुमचा झायलीन नुसता माध्यम असेल, तर हा निकाल दाखवून धीर धरू नका.

खरा वेगळा रस्ता कसा असतो ते आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधात दिसतं. बूट्स या ब्रिटिश कंपनीची मूळ पद्धत सहा पायऱ्यांची. नंतर टेक्सासमधल्या बिशप गावच्या कारखान्यात तेच औषध तीन पायऱ्यांत निघू लागलं, कचरा कितीतरी कमी झाला. गोळी तीच, पण रसायनशास्त्र नवं. आपल्याकडची औषध कंपन्यांची एक अख्खी पिढी अशाच कामावर उभी राहिली. १९७०च्या कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट द्यायचं थांबवलं. पेटंट मिळे ते फक्त पद्धतीला, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. २००५पासून रेणूचं पेटंट परत आलं. आता दोन्हींची मुदत अर्जापासून वीस वर्षं. मात्र दरवर्षीची फी थकली तर पेटंट आधीच पडतं, म्हणून तुमचं ते पेटंट आज जिवंत आहे का, तेही बघून घ्या.

आता तुमच्या सहीबद्दल, कारण मला काळजी तिची आहे. पद्धतीच्या पेटंटात पेटंट कायद्याचं कलम १०४ए लागू शकतं. दोघांचं उत्पादन एकच आहे हे पेटंटधारकाने दाखवलं आणि तुमच्या कारखान्यात काय चालतं हे प्रयत्न करूनही त्याला कळलं नाही, तर न्यायालय तुम्हालाच सांगू शकतं की आमची पद्धत वेगळी आहे हे सिद्ध करा. तेव्हा कपाटातून निघतात ते बॅच रेकॉर्ड आणि लॅब नोटबुक. आमच्याकडे एकदा यील्ड (हाती येणारं उत्पादन) पडलं म्हणून आम्ही कच्चा माल घालायचा क्रम उलटा केला होता. चांगला बदल होता तो. पण लिहिला एका चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी एप्रनच्या खिशातून धुलाईला गेली. पुढे तारीख दाखवायची वेळ आली तेव्हा हातात काही नव्हतं. त्याची हळहळ मला आजही वाटते. म्हणून प्रत्येक पानावर तारीख, सही आणि दुसऱ्या कुणाची तरी साक्ष हवीच.

एक गोष्ट पेटंटपेक्षाही मोठी. पद्धत बदलली की औषधातली अशुद्धी बदलते. व्हल्सार्टन हे रक्तदाबाचं औषध बनवण्याची पद्धत चीनमधल्या एका उत्पादकाने बदलली, त्यातून एनडीएमए हा कर्करोगाचा धोका असलेला पदार्थ त्यात आला, आणि २०१८ साली त्या गोळ्या कितीतरी देशांत बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. साहेबांना हे जरूर सांगा. झायलीन उकळतोही टोल्युइनपेक्षा वरच्या तापमानाला. त्या तापमानाला नवीन काय तयार होतं, ते क्यूसीने (गुणवत्ता तपासणी विभागाने) तपासल्याशिवाय एकही ड्रम बाहेर जाता कामा नये.

मंजुरीसाठी माहिती गोळा करायला ट्रायल घेत असाल, तर कलम १०७ए तेवढी मोकळीक देतं. विक्रीच्या बॅचआधी मात्र पेटंट एजंटचं किंवा वकिलाचं लेखी मत साहेबांकडून मागून घ्या आणि ते फाइलला लागलंय हे स्वतः बघा. पेटंटचा क्रमांक आणि पहिला दावा मला पाठवा, मी वाचून कळवते. बॅच रेकॉर्ड पाठवू नका. ते तुमच्या कारखान्याचं गुपित आहे.